विजासन लेणी, भद्रावती: आपले मोठे बुद्ध आपल्याच अंगणात बसून आहेत, टॉर्च घेऊन जा

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो. विजासनची लेणी पाहायलाच पाहिजे, पाचपैकी पाच स्टार, एकही कापत नाही. पण टॉर्च घेऊन जा, मोबाइलवाला नाही, रात्री ओलिताला जाताना आपण नेतो तो मोठा टॉर्च. अन् घरी म्हातारं माणूस असेल तर त्याला सोबत घ्या, उद्यावर टाकू नका. का ते खाली लिहितो, थोडं लांबेल पण वाचा.

आमचं गाव वरोरा तालुक्यातलं, चिमूर रोडच्या आत. कापूस, सोयाबीन, थोडा चणा. गावात विहार आहे, पौर्णिमेला वंदना होते, अन् दर वर्षी ऑक्टोबरमध्ये गाडी भरून निघते, कधी नागपूरच्या दीक्षाभूमीला, कधी चंद्रपूरच्या. नागपूरला गेलो की कामठीचं ड्रॅगन पॅलेस हमखास होते, १९९९ मध्ये जपानच्या मदतीनं उभं राहिलेलं, आत चंदनाच्या लाकडातली बुद्धमूर्ती अन् इतकी शांतता की पोट्टेही गप बसतात. गावातले काही जण बोधगयेला जाऊन आले, तिथं ८० फुटांची दगडी मूर्ती आहे, १९८९ मध्ये दलाई लामांच्या हातून तिचं अनावरण झालं, तिचा फोटो आमच्या विहारात लावलेला आहे. एका घरच्या पोराला कंपनीकडून थायलंडची ट्रिप मिळाली, त्यानं बँकॉकच्या वाट फोमधला ४६ मीटर लांब पहुडलेला सोनेरी बुद्ध व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हा अर्धी आळी त्या एका मोबाइलभोवती जमली होती. हे सगळं चांगलंच आहे, जायलाच पाहिजे. पण भद्रावतीला मी बाजारासाठी, दवाखान्यासाठी, ट्रॅक्टरच्या पार्टसाठी पन्नास वेळा तरी गेलो असीन, अन् गावाबाहेर दीड-दोन किलोमीटरवर जी टेकडी दिसते तिच्या पोटात तीन मोठे बुद्ध अठराशे वर्षांच्या लेणीत बसून आहेत हे मला नीट माहीत नव्हतं. नाव ऐकलं होतं, शाळेत कोणी सहल नेली नाही, अन् आपण होऊन जाणं झालं नाही.

यंदा जानेवारीत कापसाचा तिसरा वेचा झाल्यावर एका रविवारी निघालो. मी, बायको, सात वर्षांची पोरगी, काका अन् आजी. आजी ऐंशीच्या घरात. काकाचं सांगितलं पाहिजे कारण या रिव्ह्यूतलं अर्धं त्याचंच आहे. काकानं तीस वर्षं विहिरी खंदल्या, वरोरा, चिमूर, समुद्रपूर, जिथं बोलावलं तिथं. छन्नी, घन, सब्बल, सुरुंग लावणं, सगळं हातातलं. दगड पाहिला की तो सांगतो किती दिवसांचं काम आहे.

कसं जायचं ते पटकन सांगतो. नागपूर-चंद्रपूर रोडवर भद्रावती लागते, चंद्रपूरहून साधारण २६ किलोमीटर, वरोऱ्याहून त्याच्याहून थोडं कमी, एसटी भरपूर. रेल्वेनं आले तर स्टेशनचं नाव भांदक आहे, भद्रावती शोधत बसू नका, भद्रावती म्हणजेच जुनं भांदक. बस स्टँडवरून ऑटो मिळते, चालायची सवय असेल तर पायीही होते. तिकीट आम्हाला लागलं नाही. लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

बाहेरून पाहिलं तर काही वाटत नाही, हे खरं सांगतो. अजिंठा-वेरूळसारखा दर्शनी भाग नाही, खांबांची रांग नाही, कमान नाही. लालसर भुरकट खडबडीत दगडाची टेकडी अन् तिच्यात दार. बायको म्हणाली, "एवढंच?" मलाही तेच वाटलं होतं. बाहेरूनच सेल्फी काढून परत जाणारी दोन-तीन पोट्टी आम्हाला तिथंच दिसली, त्यांना हाक मारून सांगावंसं वाटलं की बावाहो आत जा. तेव्हा मीही आत गेलेलो नव्हतो म्हणून बोललो नाही, आता लिहून रायलो.

आत एक बोगदा आहे, सरळ टेकडीच्या पोटात जाणारा, ७१ फूट. हा आकडा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरपासून चालत आलेला आहे. ७१ फूट कागदावर काही वाटत नाही, आमची गावातली विहीर त्याच्यापेक्षा थोडीशीच कमी आहे. पण आडव्या अंधारात ७१ फूट चालणं वेगळं असते. मागं दाराचा उजेड छोटा छोटा होत जाते, हवा थंड लागते, पाकोळ्यांचा, म्हणजे वटवाघळांचा, वास येते, पावलांचा आवाज आपल्याला परत ऐकू येते. त्या दिवशी लाइन गेलेली होती, त्यामुळं आमच्याकडं टॉर्चचा उजेड तेवढा. अन् बोगद्याच्या टोकाला टॉर्च वर केला तर समोर बुद्ध. दगडी ओट्यावर बसलेला, बसलेला असूनही उभ्या माणसापेक्षा मोठा वाटणारा. पोरगी माझ्या पायाला चिकटली. भ्याली नव्हती, नंतर विचारलं तर म्हणते, "बाबा, ते आधीपासून बसून होते ना, आपण मधात आलो."

मूर्ती झिजलेली आहे. चेहऱ्यावरचं कोरीव काम पुसट झालं आहे, बारीक नक्षी पाहायला मिळेल म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल. बोधगयेच्या ८० फुटांचा हिशोब डोक्यात ठेवून गेले तरी निराश व्हाल, उंचीत ही मूर्ती तिच्या आसपासही नाही. पण मोकळ्या मैदानात ८० फूट अन् बोगद्याच्या टोकाला जागा भरून बसलेला बुद्ध, यात फरक आहे. मैदानातली मूर्ती तुम्ही दुरून पाहत पाहत जवळ जाता, मन तयार होते. इथं ती एकदमच समोर येते, अन् मागं सरकायला जागा नसते. तुम्ही त्याच्या घरात उभे असता.

याच मुख्य बोगद्याच्या डावीकडं अन् उजवीकडं आणखी दोन बोगदे काढले आहेत, दोन्हींच्या टोकाला स्वतंत्र गाभारा अन् दोन्हीत बसलेला बुद्ध. म्हणजे एका दारातून आत गेलो की तीन दिशांना तीन मोठे बुद्ध. आमच्यातले बहुतेक लोक सरळ जातात, समोरचा पाहून हात जोडून परत फिरतात. तसं करू नका, बाजूचे दोन्ही पाहा, टॉर्च म्हणूनच नेटाचा पाहिजे. माझं मन तर बाजूच्या एकातच जास्त रमलं, तिथं दाराचा उजेड अजिबात पोचत नाही, टॉर्च बंद केला की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच समजत नाही. पाच मिनिटं तसे उभे राहा. विपश्यना शिबिरात जे दहा दिवस समजावून सांगतात ते त्या पाच मिनिटांत थोडंसं हाताला लागते.

आता काका. आम्ही सगळे मूर्ती पाहत होतो तेव्हा काका भिंतीवरून हात फिरवत होता. छत पाहत होता. मग म्हणाला, "हे आणून बसवेल नाही." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, "मूर्ती बाहेर घडवली अन् आत आणली असं नाही हे. मूर्ती सोडून बाकीचा दगड बाहेर नेला यानं." आम्हाला वाचून माहीत असते की लेणी म्हणजे कोरलेली, पण विहीर खंदणारा माणूस ते सांगतो तेव्हा ते अंगावर येते. त्यानं असं समजावलं की विहिरीत तुझी छन्नी चुकली तर तू विहीर थोडी रुंद करतो, मालकाला सांगतो की पाणी जास्त लागंल. इथं चुकलं तर बुद्धाचं नाक गेलं, बोट गेलं, मग काय करशील, डोंगर दुसरा आणशील? म्हणून पहिला घाव घालायच्या आधी त्या माणसाला ७१ फूट आत कोणता दगड सोडायचा आहे ते माहीत पाहिजे. बाहेरून तो दगड दिसत नाही. मधात भेग निघाली तर सगळं वाया. अन् तरी तीन वेळा केलं.

मग त्यानं उजेडाचा मुद्दा काढला, तो मी कुठंच वाचलेला नव्हता. म्हणे बोगदा सरळ का ठेवला असंल पाहा, दारातून उजेड सरळ आत येते. मूर्तीजवळ उभं राहून मागं वळून पाहिलं तर खरंच दार एका उजेडाच्या चौकोनासारखं समोर दिसते. "पण बाजूचे दोन?" तो म्हणाला. "तिथं तर उजेड वळत नाही. दिवा लावला असंल तर धूर. धुरात छन्नी चालवणं मी केलं आहे, डोळे जातात." चांगला अर्धा तास तो छताकडं टॉर्च मारून काजळी शोधत होता. अठराशे वर्षांत पाकोळ्या, पाणी अन् माणसांच्या अगरबत्त्या यांनी जे व्हायचं ते झालं आहे, त्याला काही सापडलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी ती लेणी राजानं खोदलेली राहिली नाही, धुरात डोळे चोळत बसलेल्या माणसांनी खोदलेली झाली.

राजाचं म्हणाल तर ही लेणी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली मानल्या जाते. यावर माझं थोडं वेगळं मत आहे, वाचून झालेलं आहे, पटलं तर घ्या. सातवाहन काळातल्या आपल्याकडच्या जुन्या लेण्या पाहिल्या तर चैत्यगृहात, म्हणजे लेणीतल्या पूजेच्या दालनात, पूजेला स्तूप असते, मोठी बुद्धमूर्ती नसते. अजिंठ्याच्या ९ आणि १० नंबरच्या जुन्या लेण्या पाहा, तिथं मधात स्तूपच आहे. मोठमोठ्या मूर्ती आल्या त्या नंतर, पाचव्या शतकाच्या अजिंठ्यात, तिथं २६ नंबरच्या लेणीत महापरिनिर्वाणाची जवळपास ७ मीटर लांब मूर्ती आहे. तेव्हा विजासनचे बोगदे जुने अन् मूर्ती नंतरच्या हातांच्या असू शकतात असं मला वाटते. यानं विजासनचं मोठेपण कमी होत नाही, उलट एकाच टेकडीत दोन पिढ्यांनी नाही, दोन काळांनी काम केलं असं होते. अन् अजिंठ्याचा तो दुसरा बहर कोणाच्या राज्यात आला? वाकाटक हरिषेणाच्या, ज्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. १६ नंबरची लेणी त्याच्याच मंत्र्यानं, वराहदेवानं करवली. अजिंठा पाहायला आपण खानदेशाच्या हद्दीपर्यंत जातो, पण त्यामागचा राजा विदर्भातला होता हे आपल्या पोरांना कोण सांगते.

ह्युएन त्संगबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत ठासून सांगतात की त्यानं हीच लेणी पाहिली अन् इथं १०,००० भिक्षू राहत होते. असं सरळ म्हणता येत नाही. तो चिनी भिक्षू ६३० च्या आसपास अफगाणिस्तानातल्या बामियानला होता, तिथल्या डोंगरात कोरलेल्या उभ्या बुद्धाचं त्यानं वर्णन केलं आहे. त्या दोन मूर्ती ५५ अन् ३८ मीटर उंच होत्या, २००१ च्या मार्च महिन्यात तालिबाननं सुरुंग लावून उडवल्या. तोच माणूस हिंडत हिंडत ६३९ च्या सुमारास कोसल देशात आला, हे कोसल म्हणजे अयोध्येचं नाही, आपल्याकडचं, पूर्व विदर्भ अन् छत्तीसगडच्या बाजूचं. तो लिहितो की इथला राजा क्षत्रिय आहे, बुद्धाच्या धम्माला मानतो, सुमारे १०० संघाराम, म्हणजे भिक्षूंचे मठ, आहेत अन् १०,००० पेक्षा थोडे कमी भिक्षू. म्हणजे तो आकडा सगळ्या देशाचा आहे, एका टेकडीचा नाही. राजधानीचं नाव त्यानं सांगितलं नाही, म्हणून कोणी ती भांदक म्हणते, कोणी वैरागड, कोणी आणखी काही. इंग्रजांच्या काळात पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम यांनी भांदकची पाहणी केली तेव्हापासून हा वाद चालू आहे.

त्याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे, सातवाहन राजानं नागार्जुन बोधिसत्त्वासाठी डोंगर पोखरून पाच मजली संघाराम बांधला, प्रत्येक मजल्यावर विहार अन् विहारात माणसाएवढी सोन्याची बुद्धमूर्ती. ही गोष्ट विजासनला जोडायचा मोह मलाही होते. पण विजासन पाच मजली नाही, अन् जे आहे ते आहे त्या रूपातच पुरेसं मोठं आहे. त्याला सोनं चढवायची गरज नाही.

भांदकच्या नावाचा असाच एक शिलालेख नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयात, आहे. त्यात सूर्यघोष नावाच्या राजाचा पोरगा राजवाड्याच्या माथ्यावरून पडून मेला अन् त्या दुःखात राजानं बुद्धाचं मंदिर बांधलं असं आहे, पुढं भवदेव रणकेसरी या राजाच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला. कितीतरी वर्षं तो लेख भांदकचाच समजल्या जात होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो मुळात छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचं मांडलं. लेख कुठलाही असो, पोरगा गेल्यावर बापानं बुद्धापाशी जाणं हे मला कोणत्याही राजाच्या लढाईपेक्षा जास्त लक्षात राहिलं. अजब बंगल्यात गेले तर देवटेकचा दगडही पाहा, नागभीडकडच्या त्या गावात सापडलेला, अशोकाच्या काळातला, प्राणी धरू नका मारू नका असा अधिकाऱ्याचा हुकूम त्यावर कोरलेला आहे. म्हणजे धम्म आपल्याकडं बाहेरून कोणी पाहुणा म्हणून आलेला नाही. पवनीला जगन्नाथ टेकडी खोदली १९६९-७० मध्ये, तर आत सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा स्तूप निघाला. रामटेकजवळ मनसरची टेकडी आहे. अन् ही विजासन.

आता आजीचं सांगतो.

आजीला आत नेताना मला टेन्शन होतं. गुडघे दुखतात, अंधार, खाली दगड वरखाली. काकानं एक हात धरला, मी दुसरा, पोरगी पुढं टॉर्च घेऊन. सरळ बोगद्याच्या टोकाला आलो अन् आजी थांबली. आधी काहीच बोलली नाही. मग हात सोडवून घेतले, खाली बसली, कपाळ जमिनीला लावलं अन् "नमो तस्स भगवतो" सुरू केलं. आजीचा आवाज विहारात नीट ऐकूही येत नाही, मागं बसते, हळू म्हणते. पण त्या बोगद्यात तिचा आवाज भिंतींवरून परत येऊन दुप्पट झाला, म्हटल्यावर आणखी वीस बायका मागं बसून म्हणत आहेत असं वाटत होतं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, आम्ही सगळे खाली बसलो होतो, पोरीनं टॉर्च खाली ठेवला होता तो मूर्तीच्या मांडीवर पडला होता. बाहेरून आलेले दोन अनोळखी माणसंही मागं येऊन बसले अन् आमच्यासोबत म्हणू लागले.

बाहेर आल्यावर ओट्यावर बसून शिदोरी सोडली, पोळ्या, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, सांबारवडी. तेव्हा आजीनं सांगितलं. ती दहाएक वर्षांची होती तेव्हा तिचा बाप तिला अन् तिच्या मोठ्या बहिणीला बंडीत घालून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, घेऊन गेला होता, १६ ऑक्टोबर १९५६, नागपूरच्या १४ तारखेनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली तेव्हा. हे आम्हाला माहीत होतं, ती दर वर्षी सांगते, बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं पण गर्दीत बाबासाहेब नीट दिसले नाहीत, पांढरे कपडे तेवढे दिसले. माहीत नव्हतं ते हे की जाताना त्यांचा मुक्काम भांदकला पडला होता. बैल सोडले, तळ्याच्या काठी चूल मांडली, भात शिजवला, रात्री तिथंच झोपले.

"तवा आमच्या घरी बुद्धाचा फोटूही नव्हता," आजी म्हणाली. "बुद्ध दिसते कसा तेच आमाले मालूम नव्हतं. बाप म्हणे, चांद्याले गेलो का समजंल. अन् हा इथं बसून होता. एका हाकेवर होता. आमाले कोणी सांगतलंच नाही."

काका काही बोलला नाही. मीही नाही. तिचा बाप गेला त्याला चाळीस वर्षं झाली, त्यानं बैल सोडले त्या जागेपासून ही टेकडी पायी जाण्याएवढी जवळ आहे, अन् तो आयुष्यभर घरात लावायला बुद्धाचा चांगला फोटो शोधत होता असं आजी सांगते. शेवटी एका कॅलेंडरवरचा कापून चौकट केली, ती चौकट अजून आमच्या देवळीत आहे.

परत येताना तळ्यावर थांबलो. तिला जागा ओळखू येते का पाहू म्हटलं. ओळखू आली नाही, सगळं बदललं आहे, पण ती थोडा वेळ पाण्याकडं पाहत उभी राहिली अन् म्हणाली, "बैलायले इथंच पाणी पाजलं असंल."

उंच मूर्तींचं ज्यांना वेड आहे त्यांच्यासाठी एक तुलना, कारण मी घरी येऊन त्या रात्री हेच वाचत बसलो होतो. चीनमध्ये लेशानला कडा कोरून केलेला बसलेला बुद्ध आहे, ७१ मीटर उंच, ७१३ साली काम सुरू झालं अन् ८०३ ला संपलं. इथं ७१ फूट आत, तिथं ७१ मीटर वर. ९० वर्षांचं काम, सुरू करणाऱ्या भिक्षूनं ते पुरं झालेलं पाहिलं नाही. काकाला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "उघड्यावर आहे ना? मग उजेडाची चिंता नव्हती त्यायले." त्याच्या मते अवघड काम विजासनवाल्यांचं होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

आता जाणाऱ्यांच्या कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मे महिन्यात चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, आत थंड वाटेल पण टेकडीपर्यंत पोचणं जीवावर येते, लहान पोरं अन् म्हाताऱ्यांना नेऊच नका. पावसाळ्यात आतली जमीन घसरडी होऊ शकते. सकाळी लवकर गेले तर गर्दी नसते अन् शांत बसता येते. पाणी अन् खायचं घरून न्या, अन् कागद-प्लास्टिक परत न्या. पायात घट्ट बसणारी चप्पल घाला, आत मूर्तीजवळ काढून ठेवा. दमा असणाऱ्यांनी पाकोळ्यांच्या वासाचा विचार करून जावं, तोंडाला रुमाल लावला तर बरं. कमीत कमी दोन तास काढून जा. सोबत गावातलं भद्रनागाचं मंदिर, भद्रावती पार्श्वनाथाचं मोठं जैन मंदिर अन् गवराळ्याचा गणपती एका दिवसात होते, म्हणजे गाडीत वेगवेगळ्या श्रद्धेची माणसं असली तरी कोणाचा हिरमोड होत नाही. बुद्ध, जैन अन् हिंदू तिन्ही जुनी ठिकाणं एवढ्या जवळ जवळ असलेलं गाव आपल्या भागात दुसरं मला तरी माहीत नाही.

गाडी ठरवताना थांबायचे पैसे आधीच बोलून घ्या. आमच्या गाडीवाल्यानं सकाळी एक भाव सांगितला अन् संध्याकाळी वेटिंग म्हणून वरून पाचशे मागितले, आजी गाडीत बसलेली, दिले. पाचशेचं काही नाही, पण दिवस तसा संपायला नको होता.

अन् एक राग आहे तो लिहिलाच पाहिजे. भिंतीवर लोकांनी नावं कोरली आहेत. बदामात दोन नावं, कोणाची तारीख, कोणाच्या ग्रुपचं नाव. ज्या भिंतीवर अठराशे वर्षांआधी कोणी तरी एक घाव चुकू नये म्हणून श्वास धरून छन्नी मारली, त्याच भिंतीवर तुम्ही चावीनं नाव घासता? काकानं एका नावावर बराच वेळ बोट ठेवलं होतं. म्हणाला, "यानं दोन मिनिटं घातले असतीन, अन् हे आता जात नाही." आपल्या पोरांना हे घरातूनच सांगा, गाडीत बसल्यावर सांगा, दारात सांगा. अगरबत्ती-मेणबत्तीही आत लावू नका, काजळी छताला बसते. हात जोडा, वंदना म्हणा, तेवढं त्या जागेला पुरते. फोटो काढा पण मूर्तीच्या ओट्यावर चढू नका.

पाटी वाचून कोणाला पूर्ण इतिहास समजेल असं नाही, म्हणून घरूनच वाचून जा नाहीतर असं काही सोबत घेऊन जा. गावातल्या शाळांच्या मास्तरांना मनापासून विनंती आहे, सहल काढायची असेल तर वॉटर पार्कच्या आधी एकदा इथं आणा. माझ्या पोरीनं शाळेत जाऊन सांगितलं तर वर्गातल्या पोरांना खरंच वाटलं नाही की इथंच भद्रावतीला असं काही आहे, तिच्या बाईंनाही माहीत नव्हतं.

बुद्ध पौर्णिमेला तिथं चांगली गर्दी असते असं ऐकलं आहे, ऊन असलं तरी आमच्या विहारातल्या बायकांनी जायचं ठरवलं आहे, पहाटे निघून दहाच्या आत परत यायचं असं. बावीस नावं झाली आहेत, आजी सगळ्यात आधी. खीर तिथं नेऊन वाटायची की गावात आल्यावर, यावरून अजून बोलणं चालू आहे. काकानं त्याचा जुना ओळंबा पेटीतून काढून तेल लावून ठेवला आहे, बाजूच्या बोगद्याची भिंत अंधारात किती सरळ उतरली आहे ते त्याला पाहायचं आहे.